बुद्धिबळाच्या संकेतस्थळाचे सभासदत्व निवृत्तीची भेट म्हणून द्यावे का?

शहापूरकर (बेळगाव):
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातील माझे एक शिक्षक मित्र मे महिनाअखेर निवृत्त होत आहेत. शाल, श्रीफळ आणि कुंद्याचा डबा त्यांना मिळेलच. मला मात्र त्यांच्या आवडीचे काहीतरी द्यायचे आहे. तरुणपणी ते सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांना आवर्जून जात असत, आणि आता रोज रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर चेस डॉट कॉम या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर खेळतात. फुकट खात्यात दिवसाला एकाच डावाचे परीक्षण (खेळलेल्या चालींची संगणकाने केलेली तपासणी) मिळत असल्यामुळे उरलेल्या डावांच्या चाली ते जमाखर्चाच्या जुन्या वहीत उतरवून ठेवतात आणि भेट झाली की वही उघडून, ‘इथे हत्ती आधी सातव्या पट्टीत न्यायला हवा होता का?’ असे मला विचारतात. माझी समज घोड्याच्या अडीच घरांपलीकडे फारशी जात नाही. त्यांना वर्षभराचे डायमंड, म्हणजे तिथले सर्वांत वरच्या श्रेणीचे, सभासदत्व द्यावे, असा विचार आहे. ते आपल्याकडील बँकेच्या कार्डावर घेता येते का, आणि वर्ष संपल्यावर पैसे आपोआप कापले जाण्याची भीती कितपत खरी आहे?

निपाणीचा वाचक:
भेट देण्याची सोय त्या संकेतस्थळावरच आहे. मित्राचे खाते उघडून त्यात स्वतःचे कार्ड घालण्याचा सोपा वाटणारा मार्ग तेवढा टाळावा, कारण पुढच्या नूतनीकरणाचा घोळ बहुधा तिथूनच सुरू होतो. भेट पाठवण्यासाठी त्यांचे संकेतस्थळावर खेळाडू म्हणून असलेले नाव अचूक हवे; एका अक्षराच्या फरकाने भेट भलत्याच माणसाला जायची.

कार्डाचे म्हणाल, तर संकेतस्थळ परदेशी आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या मार्च 2020 पासूनच्या नियमानुसार नव्या कार्डावरील ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळात बंद असतात आणि ते ग्राहकानेच बँकेच्या ॲपमधून किंवा अन्य मार्गाने सुरू करून घ्यावे लागतात. रक्कम परकीय चलनात आकारली गेली, तर बँक चलनबदलाचे शुल्कही लावते, तेव्हा दाखवलेल्या किमतीपेक्षा थोडे अधिक धरून चालावे. आपोआप होणाऱ्या कपातीसाठी ऑक्टोबर 2021 पासून वेगळे नियम आहेत. त्यांप्रमाणे कपातीच्या किमान 24 तास आधी बँकेने सूचना द्यायची असते. तरीही व्यवहार झाला की परदेशी वापर पुन्हा बंद करून टाकावा, हे उत्तम.

टिळकवाडीतील बुद्धिबळप्रेमी:
केवळ डाव तपासण्यासाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही, हे आधी सांगतो. लिचेस हे देणग्यांवर चालणारे, ना नफा तत्त्वावरील संकेतस्थळ पूर्णपणे मोफत आहे. तिथे जाहिराती नाहीत, डावांच्या चाली बाहेरून आणूनही तपासता येतात आणि वापराची भाषा म्हणून मराठीही निवडता येते. तिथेही दुसऱ्याच्या नावाने देणगी देता येते, परंतु त्याला नावापुढे पंखांचे चिन्ह तेवढे मिळते, जादा सोय काहीच नाही.

मात्र आपले मित्र ‘का’ विचारणारे दिसतात. लिचेसवरील विश्लेषण सर्वांत चांगली चाल दाखवते, पण ती चांगली का, हे खेळाडूलाच शोधावे लागते. चेस डॉट कॉमचे परीक्षण निदान दोन वाक्यांत कारण सांगते, आणि डायमंडमध्ये त्याला दिवसाची मर्यादा नसते. ज्या गृहस्थांनी वहीत चाली उतरवण्याची चिकाटी ठेवली आहे, त्यांच्या बाबतीत हा खर्च वाया जाणार नाही. (तीच भेट माझ्या पुतण्याला दिली असती, तर मी स्वतःच विरोध केला असता. त्याला फक्त एक मिनिटाचे डाव हवे असतात!)

एक व्यावहारिक अडचण पाहा. ते जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहत असतील, तर पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो, आणि जूनपासून सुरू झालेल्या वर्षाचे पहिले तीन-चार महिने असेच जातील. निरोप समारंभात पाकिटातून चिठ्ठी द्यावी आणि प्रत्यक्ष सभासदत्व गणेशोत्सवानंतर सुरू करावे. तोपर्यंत त्यांना एका चालीला एक किंवा अधिक दिवस देणारे डाव सुचवा. ते फुकट खात्यातही खेळता येतात आणि मध्येच संपर्क तुटला तरी डाव हातचा जात नाही.

शहापूरकर (बेळगाव):
दोघांचेही आभार. त्यांचे घर जांबोटीच्या अलीकडेच आहे, त्यामुळे गणेशोत्सवानंतरची सूचना मान्य. खेळाडू म्हणून त्यांचे नाव त्यांच्या मुलीकडून मिळवले आहे, आणि कार्डावरील परदेशी व्यवहार सुरू करण्यासाठी सोमवारी बँकेत जाऊन येतो, कारण आमच्या बँकेच्या ॲपमध्ये ती सोय दिसत नाही.