इंजिनाआधी पत्रा बघा

जुनी कॅम्परव्हॅन (आत राहायची सोय केलेली गाडी) घेताना इंजिन, किलोमीटर आणि आतलं फर्निचर ठीक असलं की हरकत नाही, असा एक सल्ला दिला जातो. इंजिनाबद्दल पटतं, फर्निचरबद्दल अजिबात नाही. गोव्यात खाऱ्या हवेनं पत्रा खालून गंजतो आणि चकचकीत प्लायवूड तो गंज छान लपवतं. चार वर्षांपूर्वी आम्ही म्हापशात ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली एक कॅम्परव्हॅन बघितली. आत सागवानी कपाटं, गादी नवी. मेकॅनिकनं पलंगाखालची फळी उचलायला लावली तर खाली प्लाय भिजून फुगलेला, चाकावरच्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. छताला पंख्यासाठी पाडलेल्या भोकाचं सीलंट सुटलं होतं, पाणी भिंतीतून खाली उतरत होतं. म्हणून गाडी शक्यतो जून-जुलैत बघा, नाहीतर छतावर पाइपनं अर्धा तास पाणी सोडा आणि मग कोपरे हातानं चाचपा. कुबट वास आला तर तिथूनच परत फिरा.

दुसरं, आरसी बुक. मूळ गाडीत केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओकडून मंजूर होऊन आरसीवर चढलेला हवा. तसं नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो, आणि ते निस्तरायचं नव्या मालकालाच. गाडी महाराष्ट्र किंवा कर्नाटक पासिंगची असेल तर फॉर्म 28 ची एनओसी (मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.