१९९२ च्या माझदा मिआटामधील स्टिरिओ आणि स्पीकर बदलण्याविषयी सल्ला हवा आहे

पारिजातक

नमस्कार. गेल्या वर्षी न्यू जर्सीत मी १९९२ सालची माझदा एमएक्स-५ मिआटा विकत घेतली. १.६ लिटरचे इंजिन, पाच गिअर, हाताने दुमडायचे कापडी छप्पर आणि बटण दाबताच बॉनेटमधून वर येणारे दिवे, असा तिचा मूळ थाट अजून शाबूत आहे. शाबूत नाही तो फक्त आवाज. डॅशबोर्डमधला जुना टेप कॅसेट आत घेतो, पण परत देताना फार आढेवेढे घेतो; डाव्या दारातला स्पीकर आवाज जरा वाढवला की फाटक्या ढोलासारखा फडफडतो, आणि उजव्या दारातला एखाद्या खड्ड्यातून गाडी गेली की आपणहून जागा होतो व पुढच्या सिग्नलला पुन्हा झोपतो.

माझी अपेक्षा फार मोठी नाही. फोनवरचे संगीत ब्लूटूथने गाडीत यावे आणि छप्पर उघडे ठेवून गार्डन स्टेट पार्कवेवर ताशी ६० ते ६५ मैलांनी जाताना ते नीट ऐकू यावे. मी मुख्यतः शास्त्रीय गायन ऐकतो, आणि सध्या या गाडीत तबल्याची टिक्टिक तेवढी पोहोचते, डग्गा जणू घरीच राहिलेला असतो. गाडीचा पत्रा किंवा दाराचे पॅड कोठेही कापायचे नाही, मूळ तारा तोडायच्या नाहीत आणि खर्च पाचशे डॉलरांच्या आसपास राहावा, एवढ्या अटी आहेत.

जवळच्या एका दुकानात चौकशी केली असता त्यांनी दोनशे वॉटचा नवा डेक आणि डिकीत दहा इंची सबवूफर बसवण्याचा आग्रह धरला. दारातले स्पीकर 'नंतर पाहू' असे त्यांचे म्हणणे पडले. हा क्रम मला उलटा वाटतो, पण तसे ठामपणे म्हणण्याइतके या विषयातले ज्ञान माझ्याकडे नाही. ज्यांनी या गाडीवर स्वतः काम केले आहे, त्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

जुना पाना

तुमचा संशय रास्त आहे. माझ्याकडे याच पिढीतली १९९४ ची, म्हणजे १.८ लिटर इंजिनाची गाडी बरीच वर्षे आहे आणि तुमच्या दुकानदाराने सुचवलेली चूक मी स्वतःच्या पैशांनी एकदा करून बसलो आहे.

सबवूफरचे आधी सांगतो. या गाडीत प्रवाशांची जागा आणि डिकी यांच्यामध्ये पोलादी पत्र्याची भिंत आहे, आणि त्या दोहोंच्या मधोमध, सीटच्या मागच्या फळीखाली, पेट्रोलची टाकी आहे. साध्या सेडान गाडीत मागच्या सीटमधून किंवा तिच्यावरच्या फळीतून खर्जाचा आवाज पुढे झिरपतो, तशी वाट येथे नाही. छप्पर बंद असताना थोडेफार काही जाणवते. छप्पर उघडले की तुमच्या मागच्या गाडीवाल्याला संगीत मिळते आणि तुम्हाला नंबरप्लेटची झणझण. शिवाय डिकी मुळातच एवढीशी, तिच्यात बॅटरी आणि जादा चाक आधीच बसलेले, त्यात ही पेटी ठेवली की आठवड्याचा बाजारहाटही मांडीवर घेऊन यावा लागतो.

टाकीचा उल्लेख निघाला आहे म्हणून बजावून ठेवतो की, सीटमागच्या त्या फळीत कोणतीही वस्तू बसवण्यासाठी ड्रिल किंवा लांब स्क्रू चालवू नये. मोकळी, सपाट, सोयीची जागा दिसते म्हणून अँप्लिफायर तेथे ठोकण्याचा मोह पुष्कळांना होतो.

पैसे दारांवर खर्च करा. दोन्ही दारांत साडेसहा इंची स्पीकर बसतात, त्यामुळे पत्रा कापण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो खोलीचा. स्पीकरच्या मागे खिडकीची काच खाली उतरते आणि चुंबक जाड असेल तर काच त्यावर आपटते. म्हणून काच पूर्ण खाली घेऊन, स्पीकर बसतो त्या पत्र्यापासून काचेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे आणि मगच खरेदी करावी. दुकानातल्या यादीत 'बसतो' असे लिहिलेले असले तरी मोजावेच. जागा कमी पडली तर अर्धा इंच जाडीची प्लॅस्टिकची कडी मध्ये घालता येते. लाकडी कडी घालू नका, दारात पाणी येते आणि दोन पावसाळ्यांत ती फुगते.

आता जे काम कोणी मन लावून करत नाही, पण ज्याच्यावर तुमचा डग्गा अवलंबून आहे, ते सांगतो. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दाराच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी मोठी भोके आहेत. मागची लाट त्यांतून बाहेर येऊन पुढच्या लाटेला मिळाली की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात, आणि हे सर्वांत जास्त खर्जाच्या सुरांत घडते. कितीही महागडा स्पीकर उघड्या भोकांच्या दारात बसवला तरी तो किरटाच वाजणार. ती भोके ब्यूटिलच्या चिकट पत्र्याने बंद करा, स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावून तो घट्ट बसवा, आणि दाराच्या बाहेरच्या पत्र्यालाही आतून तेच ब्यूटिल लावा. सगळा पत्रा मढवण्याची गरज नसते. मधला सुमारे तिसरा हिस्सा पुरतो. लावण्याआधी बोटाच्या पेराने दार ठोकून पाहा, 'टण' असा रिकाम्या डब्याचा आवाज येईल. लावल्यावर तोच 'ठप' असा यायला हवा.

मात्र दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्याची बारीक छिद्रे असतात, ती चुकूनही बुजवू नका. उलट जुन्या टूथब्रशने ती साफ करून घ्या. या गाड्यांची दारे खालून गंजतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा तेथे साचलेला चिखल हेच असते.

ओम आणि अँपिअर

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. विजेच्या बाजूने काही भर घालतो.

'दोनशे वॉटचा डेक' म्हणजे खोक्यावर छापलेले पन्नास गुणिले चार. हा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असतो, सतत मिळणाऱ्या शक्तीचा नव्हे. हिशेब साधा आहे. इंजिन चालू असताना गाडीचा विद्युतदाब जास्तीत जास्त १४.४ व्होल्टच्या आसपास असतो. डेकमधला लहानसा अँप्लिफायर हा दाब वाढवू शकत नाही, त्यामुळे विकृती न आणता तो स्पीकरला सुमारे १० व्होल्टची परिणामी (आरएमएस, म्हणजे टोकाची नव्हे तर सरासरी मानाची) लाट देऊ शकतो. चार ओमच्या स्पीकरवर त्याचे होतात साधारण २६ वॉट. हे झाले कागदावरचे. प्रत्यक्षात वीसच्या आतबाहेर मिळतात, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.

बंद गाडीत वीस वॉट पुरतात. उघड्या छपराखाली ताशी ६५ मैलांचा वारा आणि टायरची घरघर नेमका खर्ज झाकून टाकते. आवाज वाढवावा तर तेथेही गणित आपल्या विरुद्ध आहे: शक्ती दुप्पट केली की फक्त तीन डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर सुमारे दहा डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. म्हणून स्पीकर निवडताना वॉटच्या आकड्याऐवजी संवेदनक्षमतेचा, म्हणजे ठरावीक शक्तीवर तो किती मोठा वाजतो याचा, आकडा पाहावा. ८८ ऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर घेतला तर अडीचपट शक्तीचा फायदा फुकटात पदरात पडतो. त्याच्या जोडीला दर दाराला सतत ५० ते ७५ वॉट देणारा, हाताच्या पंजाएवढा लहान अँप्लिफायर घ्यावा.

या गाडीची एक सोय अशी की बॅटरी डिकीत आहे. इतर गाड्यांत बॉनेटपासून मागेपर्यंत जाड तार ओढताना अर्धा दिवस जातो. येथे अँप्लिफायर डिकीत ठेवला तर दोन-तीन फुटांत काम संपते. तार लहान आहे म्हणून फ्यूज वगळू नका. तो बॅटरीच्या जवळच, दीड फुटाच्या आत असायला हवा. अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची, तार जेथे बसवाल तेथला रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा. इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येऊ लागली, तर दहांपैकी नऊ वेळा दोष या बोल्टखालच्या रंगाचा किंवा डेकच्या अर्थचा असतो.

शेवटची गोष्ट म्हणजे, अँप्लिफायरवर ८० हर्ट्झच्या खालचे सूर अडवणारी कळ असते, ती चालू ठेवा. त्याखालचा आवाज दारातला स्पीकर या वाऱ्यात देऊ शकत नाही, आणि तो देण्याच्या धडपडीत वरचे सूरही बिघडवतो.

हिवाळी गॅरेज

मी मिशिगनमध्ये राहतो आणि माझी गाडी वर्षातले पाच महिने आच्छादनाखाली असते, त्यामुळे माझा कल जपणुकीकडे जास्त आहे. मूळ टेप काढलात तरी टाकून देऊ नका. एका पिशवीत कंस, स्क्रू आणि चौकट यांसह ठेवा. पुढे गाडी विकताना तिला किंमत येते. मूळ तारांच्या टोकाला जोडायचा तयार अडॅप्टर थोडक्या डॉलरांत मिळतो, त्यामुळे एकही तार तोडावी लागत नाही. नव्या डेकच्या तारा अडॅप्टरला घरी टेबलावर, रंगाला रंग जुळवून, डाग देऊन जोडाव्यात. गाडीत वाकून ट्विस्ट करून टेप गुंडाळण्याचा उद्योग करू नये. खड्ड्यावर जागा होणारा तुमचा स्पीकर बहुधा अशाच कोणाच्या तरी उद्योगाचे फळ आहे.

मधले पॅनेल काढण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवून थोडा वेळ थांबा. तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे आणि पिवळ्या जोडण्या दिसतील तेथे हात लावायचा नाही. प्लॅस्टिक तीस वर्षांपेक्षा जुने आहे, म्हणून थंडीत हे काम काढू नका. गाडी तासभर उन्हात उभी करा, मग त्याचे कान तुटत नाहीत.

तुमच्या सीटच्या वरच्या भागात, कानामागे, लहान स्पीकर आहेत का ते पाहा. अमेरिकेतल्या पुष्कळ गाड्यांत ते होते. असतील तर ते नव्या अँप्लिफायरला जोडू नका, डेकच्या मागच्या जोडणीवरच हळू आवाजात ठेवा. गायकाचे शब्द वाऱ्यात उडून जातात, ते या स्पीकरांमुळे कानाशी टिकतात. पण आवाज वाढवला की गायक मानेमागे येऊन बसतो, आणि ते मात्र मला तरी सहन होत नाही. जोडण्याआधी त्यांचा रोध मीटरने मोजून घ्यावा, म्हणजे डेकवर भलता भार पडणार नाही.

पारिजातक

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. मागच्या दोन शनिवार-रविवारी काम उरकले. डाव्या दारातल्या जुन्या स्पीकरचा कागद कडेपासून पूर्ण सुटला होता आणि बोट लावताच त्याचा पापडासारखा चुरा झाला. उजव्या दारात खरोखरच नुसती पिळलेली तार आणि तिच्यावर वाळून सुटलेली काळी टेप निघाली. तळाच्या छिद्रांतून एक मूठभर ओली माती व पाइनच्या काड्या बाहेर आल्या. ब्यूटिल, ९१ डेसिबलचे स्पीकर, अँप्लिफायर, अडॅप्टर आणि साधा ब्लूटूथ डेक मिळून ४६० डॉलर खर्च झाला.

गायन आता स्वच्छ ऐकू येते, फडफड गेली, शिट्टीही नाही. परंतु एक कोडे उरले आहे. डग्गा जुन्या स्पीकरांपेक्षाही कमी ऐकू येतो आहे, आणि गंमत अशी की डेकवर आवाज पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे वळवला की तो परत येतो. मध्यावर आणला की नाहीसा होतो. दारांची भोके मी दोनदा तपासली आहेत. अँप्लिफायर सदोष असेल का?

ओम आणि अँपिअर

अँप्लिफायरला दोष देऊ नका. तुम्ही दिलेले लक्षण इतके नेमके आहे की दुसरे काही संभवत नाही: एका दारातल्या स्पीकरच्या धन आणि ऋण तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. एक पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि उघड्या भोकांबद्दल वर जे लिहिले आहे तेच आता दोन दारांमध्ये घडते आहे. उजव्या दारात आधीच कोणीतरी हात घातला असल्यामुळे तेथल्या तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका.

डिकीत अँप्लिफायरपासून स्पीकरच्या तारा सोडवा आणि दीड व्होल्टचा साधा सेल घेऊन, त्याचे धन टोक धन तारेला व ऋण टोक ऋण तारेला क्षणभर टेकवा. दारावरची जाळी काढून दुसऱ्या कोणाला पडदा पाहायला सांगा. तो बाहेर उसळला तर जोडणी बरोबर. आत गेला तर ते दार उलटे. दार पुन्हा उघडण्याचे कारण नाही, अँप्लिफायरच्या टोकालाच दोन तारांची अदलाबदल केली की झाले.

पारिजातक

उजवेच दार उलटे होते. मुलाला टॉर्च देऊन बाहेर बसवले आणि तीन वेळा सेल टेकवून खात्री करून घेतली. आता छप्पर उघडे ठेवून ताशी ५५ मैलांपर्यंत डग्ग्याचा घुमारा व्यवस्थित येतो. ६५ ला तो पातळ होतो, आणि तेवढे मी मान्य केले आहे. कळ ८० हर्ट्झवरच ठेवली. सीटमधले स्पीकर आहेत, दोन्ही सीटमध्ये. त्यांचा रोध मोजून येथे कळवतो.