हाडाच्या ऑपरेशननंतर दुखण्याची कोणती गोळी बरी? सासूबाईंसाठी सल्ला हवा (इंदूर)

राजेंद्रनगरची सून
नमस्कार मंडळी. सासूबाई (वय ७१, वजन जेमतेम ४६ किलो) ओट्यावरून उतरताना पडल्या. घोट्याचं हाड मोडलं, प्लेट बसवली, परवा घरी आणलं. चिठ्ठीत तीन गोळ्या आहेत: डोलो ६५० तीनदा, ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल दोनदा, आणि फारच दुखलं तर ट्रामाडॉल-पॅरासिटामॉल. शेजारच्या काकू म्हणतात पेनकिलरनं हाड जुळत नाही, बंद करा. नणंद म्हणते ट्रामाडॉलची सवय लागते. घरात कॉम्बिफ्लामची पट्टीही पडून आहे. आईंना बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध एकत्र असलेली गोळी चालू आहे. दिवसा विचारलं की "बरी आहे गं" म्हणतात, आणि रात्री कण्हत असतात. यातली जास्त चांगली कोणती?

दवा बाजार
वहिनी, मी फार्मासिस्ट आहे, रोज अशाच चिठ्ठ्या बघतो. कोणती गोळी जोरदार हे नंतर बघू. आधी पट्ट्या उलट्या करून मागचं बारीक छापलेलं वाचा. तिन्हींत पॅरासिटामॉल आहे. डोलो तीनदा म्हणजे १९५० मिलिग्रॅम. ॲसिक्लोफेनॅकच्या जोडगोळीत बहुधा ३२५, दोनदा म्हणजे ६५०. ट्रामाडॉलच्या गोळीतही साधारण ३२५, त्या दोन गेल्या तर आणखी ६५०. झाले ३२५०. धडधाकट माणसाला दिवसाला ४ ग्रॅमपर्यंतची मर्यादा सांगतात, पण ५० किलोच्या आतल्या म्हाताऱ्या माणसाला ती बरीच खाली आणतात, नाहीतर यकृतावर ताण येतो. कॉम्बिफ्लाममध्येही ३२५ आहेच, शिवाय आयबुप्रोफेन, म्हणजे ॲसिक्लोफेनॅकचाच भाऊबंद. ती पट्टी कपाटात ठेवा.

सुदामानगर
काकूंचं मला पटतं. माझ्या नडगीत रॉड टाकला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक वगैरे काहीच दिलं नव्हतं. म्हणाले, हाड जुळेपर्यंत नको.

दवा बाजार
काही सर्जन तसं करतात, त्यामागे कारण आहे. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅकसारखी औषधं ज्या रसायनांना अडवून सूज उतरवतात, तीच हाड जुळण्याच्या सुरुवातीलाही लागतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत जुळणं मंदावलेलं दिसलंय. माणसांत मात्र थोडे दिवस, बेताच्या डोसनं घेतल्यावर ठळक नुकसान सिद्ध झालेलं नाही. म्हणून कोणी चार-पाच दिवस देतं, कोणी अजिबात नाही. वहिनी, मला आईंच्या हाडापेक्षा किडनीची काळजी जास्त वाटते. टेल्मिसार्टन, लघवीचं औषध आणि वर ॲसिक्लोफेनॅक, या तिघांनी मिळून किडनीचा रक्तपुरवठा घटतो. त्यात पाणी कमी प्यायलं की क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का हे दाखवणारी रक्ततपासणी) चढतं, आणि बाथरूमला उठायला लागू नये म्हणून म्हातारी माणसं नेमकं पाणीच कमी पितात. सर्जनना आजच फोन करा आणि बीपीच्या गोळीचं नाव वाचून दाखवा. डिस्चार्जच्या गडबडीत ते त्यांच्यापर्यंत पोचलं नसेल.

नर्सताई (निवृत्त)
"बरी आहे गं" वर विसंबू नको बाळा. झोपल्या जागी दुखतं का हे नको विचारू. वॉकर धरून उभं राहताना, पाय खाली सोडताना दहापैकी किती दुखतं ते विचार. पॅरासिटामॉल दुखल्यावर नाही, घड्याळ लावून द्यायचं. एक डोस निजताना येईल असं बसव. ट्रामाडॉल हे फक्त पॅरासिटामॉलनं भागलं नाही तरच. ते पहिल्यांदा देशील तेव्हा रात्री कोणीतरी खोलीत झोपा, कारण चक्कर येते आणि तशात त्या एकट्या उठल्या तर दुसरं हाड जाईल. मळमळ आणि बद्धकोष्ठही ठरलेलं. आपल्याकडे लगेच इसबगोल देतात, पण पाणी कमी असेल तर ते आतच घट्ट बसतं. लॅक्टुलोजसारखं औषध डॉक्टरांना विचारून घे. नैराश्याची किंवा फिट्सची गोळी चालू असेल तर ट्रामाडॉलआधी आवर्जून सांग. थोडे दिवस घेऊन थांबवलं तर बहुतेकांना सवय लागत नाही, पण महिनोन्‌महिने ओढायचं औषध नाही ते.

आणि पाय उशीवर, हृदयापेक्षा उंच. बर्फ कापडात गुंडाळून, पट्टी ओली होऊ न देता. यानंही दुखण्यात फरक पडतो.

राजेंद्रनगरची सून
सगळ्यांचे मनापासून आभार. सर्जनशी बोलले. ॲसिक्लोफेनॅकवाली लगेच बंद केली, क्रिएटिनिन तपासायला सांगितलंय. डोलो तीनदाच, वेळेवर. ट्रामाडॉलची गोळी फक्त रात्री एक, तीही लागली तर. आता हिशेब मीच केला, २२७५ होतात. एक विचारायचं राहिलं: दुखणं किती वाढलं की घाबरायचं?

नर्सताई (निवृत्त)
गोळी देऊनही दुखणं तासातासानं चढत गेलं, पोटरी दगडासारखी ताठ लागली, पायाची बोटं तू हळूच वर ओढलीस आणि त्या किंचाळल्या, बोटं बधिर किंवा गार पडली, तर दुसरा डोस देत बसू नकोस, रात्र असली तरी गाडी काढ. पोटरी सुजून लाल झाली, अचानक दम लागला, जखमेतून पू आला, ताप चढला, तरी तेच. आणि काळी शी झाली (पोटात रक्तस्राव होत असल्याची ती खूण असू शकते) तर ॲसिक्लोफेनॅक दिलं होतं हे आठवणीनं सांग.