पगारपत्रक ईमेलने पाठवताना पासवर्ड कसा कळवावा?

हिशेबनीस, वागळे इस्टेट:
आमच्या कारखान्यातील साठ कामगारांचे पगारपत्रक मी दरमहा वाशीतील सीएंच्या कार्यालयाला ईमेलने पाठवते. त्यात प्रत्येकाचा पॅन आणि बँक खाते क्रमांक असतो. एक्सेल फाइलला मालकांची जन्मतारीख हा पासवर्ड ठेवून तोच ईमेलच्या दुसऱ्या ओळीत लिहिण्याची पद्धत माझ्या आधीपासून चालत आली आहे. वेगळे सॉफ्टवेअर विकत न घेता ती कशी सुधारावी?

महापेचा सिस्टिम ॲडमिन:
कुलूप लावून किल्ली त्याच कडीला अडकवल्यासारखे झाले हे. पासवर्ड मागाहून दुसऱ्या ईमेलनेही पाठवू नये, कारण ज्याच्या हाती मेलबॉक्स लागेल त्याला दोन्ही मिळतील. तो फोनवरच सांगावा. जन्मतारीख तर नकोच. शंभर वर्षांच्या तारखा सुमारे ३६,५०० भरतात आणि तेवढ्या ताडून पाहणे संगणकाला मुळीच अवघड नाही.

एक्सेलमधील ‘प्रोटेक्ट शीट’ने फक्त बदल करणे अडते, फाइल कोणालाही उघडता येते. आपल्याला ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ हवे, म्हणजे पासवर्डशिवाय फाइल उघडणारच नाही, आणि ती एक्सएलएसएक्स स्वरूपातच जतन करावी. जुन्या एक्सएलएसचे एन्क्रिप्शन कमकुवत आहे. ईमेलचा विषय आणि फाइलचे नाव उघडेच राहते, तेव्हा तेथेही जपून लिहावे.

घणसोलीकर:
मला चोरापेक्षा चुकीच्या पत्त्याची धास्ती अधिक वाटते. पहिली तीन अक्षरे टाइप करताच सुचवलेला पत्ता मी न वाचता स्वीकारला आणि एका उमेदवाराचे नियुक्तिपत्र त्याच नावाच्या एका पुरवठादाराकडे गेले. जीमेलच्या ‘अनडू सेंड’ची, म्हणजे पाठवलेला ईमेल मागे घेण्याची, मुदत जास्तीत जास्त ३० सेकंद; माझ्या लक्षात आले ते डबा खाताना. समोरच्याने फाइल मिळाल्याचे फोनवर सांगितल्याखेरीज मी पासवर्ड देत नाही, म्हणून निभावले.

हिशेबनीस, वागळे इस्टेट:
आज चौकशी केली तेव्हा कळले की सीएंच्या कार्यालयातील ते ईमेल खाते चौघे जण उघडतात. यापुढे पासवर्ड केवळ टीडीएसचे काम पाहणाऱ्या बाईंनाच फोनवर सांगेन. पण आजवरच्या ईमेलमध्ये फाइल आणि जन्मतारीख दोन्ही पडून आहेत, त्यांचे काय?

महापेचा सिस्टिम ॲडमिन:
हिशेबासाठी लागणाऱ्या प्रती नव्या पासवर्डने कार्यालयात जतन करा आणि मग ते ईमेल आपल्या ‘सेंट’मधून व त्यांच्या इनबॉक्समधून काढून टाका. दोन्हीकडील ट्रॅशही रिकामा करावा; त्यांच्याकडचा रिकामा झाल्याची खात्री मात्र त्या बाईंकडूनच करून घ्यावी लागेल.