यूजीसीची मान्यताप्राप्त जर्नलांची केअर यादी गेली. आता जर्नल खरं की बनावट, हे आपण सांगायचं; पण आपल्याला तरी येतं का?

संदर्भ_विभाग:
नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात सहायक ग्रंथपाल आहे, अकरा वर्षं झाली. आधी कबुली देते, मग प्रश्न विचारते.

मार्चमध्ये मराठीची एक संशोधक मुलगी शोधनिबंधाचं स्वीकृतिपत्र घेऊन काउंटरवर आली. "मॅडम, जर्नल बरोबर आहे ना?" मी त्याचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, पोर्टलवर टाकला. नाव जुळलं. म्हटलं, भर पैसे. तिने अडीच हजार भरले. पंधरा दिवसांनी तिच्या गाईडनी त्याच नावाचा छापील अंक माझ्या टेबलावर आणून ठेवला. ते त्रैमासिक फक्त छापील निघतं, त्याला वेबसाइटच नाही. कुणीतरी नाव आणि आयएसएसएन उचलून साइट थाटली होती. मी पोर्टल परत उघडलं, तर नावाखालीच लिहिलेलं: माध्यम, छापील. मी तिथवर वाचलंच नव्हतं. आणि तो अंक आमच्याच नियतकालिक विभागात येतो, माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर!

यूजीसीने २०२५च्या फेब्रुवारीत केअर यादी बंद केली. तेव्हापासून रोज दोघं-तिघं तरी हाच प्रश्न घेऊन येतात. यादी होती तेव्हा यादीकडे बोट दाखवलं की आपण सुटायचो. एम.लिब.ला 'माहिती साक्षरता' (माहिती शोधणं आणि पारखणं) ही संज्ञा १९७४ साली झुरकोव्स्कीने आणली, एवढं पाठ केलं होतं. जुलैत नव्या मुलांना रांगेत उभं करून ओपॅक, म्हणजे ग्रंथालयाची संगणकावरची सूची, दाखवते, आणि नॅकच्या मूल्यांकनाच्या फायलीत त्याचाच 'माहिती साक्षरता कार्यक्रम' होतो.

तर प्रश्न असा: हे स्वतः ग्रंथपालाने शिकायचं कुठे? उजळणी वर्ग दोन केले. दोन्हींत चार्ट होते, चहा होता, कुणी एक जर्नल उघडून तपासून दाखवलं नाही.

जुना_तालिकाकार:
ताई, मी निवृत्त आहे, त्यामुळे बोलायला मोकळा. तुमची चूक आयएसएसएनची नाही, घाईची आहे. आयएसएसएन म्हणजे परिग्रहण क्रमांकासारखा. पुस्तकावर नंबर पडला म्हणून पुस्तक चांगलं ठरतं का? 'आत्ता सांगता येत नाही, उद्या या' हे वाक्य आपल्या लोकांच्या तोंडून निघत नाही, कारण आधीच आपल्याला पुस्तकं देणारा-घेणारा समजतात, त्यात हे कबूल कुठे करा. मी काउंटरवर एक दोनशेपानी वही ठेवायचो. आलेला प्रश्न, कुठे शोधला, कुठे फसलो. शिकायचं म्हणाल तर मी त्या वहीतच शिकलो. बाकी वर्गांच्या चहाबद्दल सहमत.

कोथरूडकर_लायब्ररी:
केअरच्या साइटवर मूळ आणि नक्कल जर्नलं शेजारीशेजारी ठेवून दाखवायचे, आठवतंय? ते बघायची सवय होती त्यांना फार अडत नाही. मी आधी जुने अंक उघडतो. मराठी साहित्याच्या त्रैमासिकात एका महिन्यात वाणिज्य, योगा आणि काँक्रीटवरचे निबंध दिसले की बाकी काही बघायची गरज उरत नाही. तरी शंका राहिली तर संपादक मंडळातलं एखादं नाव निवडून त्यांना त्यांच्या कॉलेजच्या ईमेलवर विचारतो. एकदा एका प्राध्यापकांचं उत्तर आलं, "मी या मंडळावर आहे हे तुमच्याकडूनच कळतंय." पैसे कुणाच्या खाजगी मोबाइल नंबरवर मागितले असतील तर तिथेच थांबायचं.

आणि एक, जे कुठल्याच इंग्रजी हँडआउटमध्ये नसतं. प्लॅगरिझमचा रिपोर्ट काढताना प्रबंध कुठल्या फाँटमध्ये आहे ते बघता का? यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. आमच्याकडे एका मराठी प्रबंधाला एक टक्का आला, सगळे खूश. फाइल श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये होती, युनिकोडमध्ये नव्हती! सॉफ्टवेअरच्या हाती नुसती रोमन अक्षरांची खिचडी लागली, ते जुळवणार कशाशी?

थिसिसग्रस्त:
मी ग्रंथपाल नाही, तिसऱ्या वर्षाचा पीएचडीवाला. आमच्यातल्या एकाने चॅटबॉटकडून संदर्भसूची करून घेतली. डीओआय, म्हणजे लेखांचे ऑनलाइन ओळख क्रमांक, सगळे १०ने सुरू होणारे, दिसायला एकदम शिस्तीत. ग्रंथालयातल्या सरांनी त्यातला एक उघडला, तर दलित आत्मकथनांच्या जागी कोळंबीच्या रोगावरचा लेख! सर हसले नाहीत, पोराला शेजारी बसवून उरलेले बावीस उघडायला लावले. आम्हाला ओपॅक नको, हे असं बसवून दाखवणारं माणूस पाहिजे. जमल्यास शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, मराठी प्रबंध कसे शोधायचे तेही सांगा. रोमनमध्ये आत्मकथनचं स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं, मी एका 'ए'पायी चार प्रबंध हुकवले होते.

संदर्भ_विभाग:
आभार सगळ्यांचे. काका, वही आणली. पहिल्या पानावर माझंच प्रकरण लिहिलंय, त्या मुलीचं नाव न घालता. तिचा निबंध मूळ त्रैमासिकाकडे टपालाने पाठवलाय, पोहोच अजून नाही.

कोथरूडकर, तुमचं वाचून काल गेल्या वर्षीचे मराठी विभागाचे रिपोर्ट काढले. नऊ प्रबंध. पाच युनिकोडमध्ये, तीन श्रीलिपीत, आणि एक चक्क स्कॅन केलेली चित्रं. त्याला शून्य टक्के आलेत आणि खाली सही माझी आहे. सोमवारी आमच्या मुख्य ग्रंथपालांना दाखवायचंय. कसं सुरू करू, ते सुचवा.

जुना_तालिकाकार:
शून्यवाला आधी दाखवा.