भूत कुणाला दिसलं?

भयपट नुसता दचकवतो, त्यात अभ्यासण्यासारखं काय, या प्रश्नाला माझ्या परीने उत्तर देतो.

साहित्यसमीक्षक त्झ्वेतान तोदोरोव्हने १९७० साली मांडलं की अद्भुतकथेचा जीव वाचकाच्या दोलायमान अवस्थेत असतो. घडलं ते खरंच अमानवी, की पाहणाऱ्याच्या मनाचा खेळ? हेन्री जेम्सची भूतकथा 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८) ही याची उत्तम कसोटी. तिच्यातली गव्हर्नेस, म्हणजे मुलांना सांभाळणारी शिक्षिका, स्वतः गोष्ट सांगते, त्यामुळे भूत फक्त तिच्या शब्दांत असतं आणि शंका शेवटपर्यंत टिकते.

पण कॅमेरा काय करणार? त्याला भूत दाखवावं तरी लागतं, नाहीतर लपवावं तरी. दिग्दर्शक जॅक क्लेटनने याच कथेवरच्या 'द इनोसंट्स'मध्ये (१९६१) काढलेली वाट मला फार मोलाची वाटते. तो बहुतेकदा आधी गव्हर्नेस झालेल्या डेबोरा करचा घाबरलेला चेहरा दाखवतो, भूत नंतर. म्हणजे आपण पाहतो ते तिच्या नजरेतून. स्टुडिओच्या आग्रहामुळे सिनेमास्कोपची रुंद चौकट गळ्यात पडली होती. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसने रंगवलेले फिल्टर वापरून तिच्या कडा काळवंडवल्या आणि अंधार आत ओढून घेतला. तळ्यापलीकडे लव्हाळ्यात उभी असलेली ती काळ्या कपड्यांतली बाई तर भरदिवसा दिसते! रात्र, वादळ, करकरणारं दार, कशाचीही गरज लागत नाही.

अभ्यास सुरू करायचाच तर आधी कथा वाचा, मग चित्रपट पाहा, आणि प्रत्येक दर्शनाच्या वेळी तिथे आणखी कोण हजर होतं आणि त्याला काय दिसलं, तेवढं टिपून ठेवा.