ग्रीनलंडच्या रडार चित्रात २७० मी. खोलीवरची रेघ: हिमनदीचा तळ की आणखी काही?

खारफुटी

नमस्कार मंडळी. विद्याविहारला आमचा आठ-दहा जणांचा डेटा गट आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेसाठी नासाच्या ऑपरेशन आइसब्रिजचा (ध्रुवीय बर्फ विमानातून मोजण्याची मोहीम, आता संपलेली) डेटा उतरवून घेतलाय. ग्रीनलंडच्या किनाऱ्याजवळच्या एका हिमनदीवरून गेलेल्या पी-३ विमानाच्या रडारची एक फ्रेम आहे आणि त्याच मोसमातला समुद्री बर्फावरचा लेसरचा डेटा आहे. तीन ठिकाणी गाडी अडलीये.

१. रडारच्या चित्रात बर्फाचा पृष्ठभाग ३.२ मायक्रोसेकंदांवर आहे आणि ६.४ वर दुसरी ठसठशीत रेघ. बर्फात लहरीचा वेग १६९ मी. प्रति मायक्रोसेकंद धरला की खोली २७० मी. येते. रेघ सलग आहे, कुठेही तुटत नाही. पण सीएसव्ही फाइलमध्ये त्याच जागी जाडीच्या रकान्यात उणे ९९९९ आहे. डेटा तयार करणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं का हे?

२. समुद्री बर्फाची उंची २१-२२ मी. दिसतेय. दोन-तीन मीटर जाडीचा बर्फ पाण्याच्या वर एवढा कसा येईल?

३. हीच पद्धत हिमालयात का वापरत नाहीत? खर्च सोडा, तत्त्वतः विचारतोय.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

लोलक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ६.४ म्हणजे ३.२ ची दुप्पट. तो तळ नाही, पृष्ठभागाचाच दुसरा प्रतिध्वनी आहे. लहर बर्फावर आपटून वर आली, विमानाच्या पोटावरून परत खाली गेली, पुन्हा बर्फावर आपटली आणि मग अँटेनात शिरली. हवेतलं अंतर दोनदा कापलं, म्हणून वेळ दुप्पट. तुम्ही तो जादा वेळ बर्फातला समजून १६९ ने गुणलात.

खूणगाठ बांधून ठेवा: विमानाची बर्फापासूनची उंची भागिले १.७७५ एवढ्या खोलीवर ही खोटी रेघ येणारच. तुमचं विमान ४८० मी. वर होतं (३.२ × ३०० ÷ २), म्हणून २७०. १.७७५ हा बर्फाचा अपवर्तनांक, म्हणजे ३.१५ या परावैद्युतांकाचं वर्गमूळ.

खातरजमा करायची तर त्याच फ्रेममध्ये विमान थोडं वर चढलेला तुकडा शोधा. विमान ६० मी. चढलं की पृष्ठभागाची रेघ ०.४ मायक्रोसेकंदाने खाली सरकते. खरा तळही ०.४ नेच सरकतो, कारण बर्फातला प्रवास तेवढाच राहतो. दुसरा प्रतिध्वनी मात्र ०.८ ने सरकतो. शिवाय पृष्ठभागावरचा प्रत्येक उंचवटा त्या रेघेत दुप्पट ताणलेला दिसतो. ‘सलग आहे, तुटत नाही’ असं तुम्ही लिहिलंत ना, तिथेच शंका यायला हवी होती. किनाऱ्यालगतच्या हिमनदीचा तळ इतका शहाण्यासारखा सलग दिसत नाही.

खरा तळ का दिसत नाही? कडेचा बर्फ भेगाळलेला आणि कोमट असतो, त्यात लहर विखुरते. त्यात दरीच्या भिंतींवरून येणारे प्रतिध्वनी तळाच्या वेळेलाच येऊन मिसळतात. बाजूचे आवाज वेगळे काढता यावेत म्हणून पंखांखाली अँटेनांची रांग लावलेली होती. तरी अरुंद दरीत तिचीही मात्रा चालत नाही. तेव्हा उणे ९९९९ म्हणजे ‘इथे आम्ही बोट ठेवत नाही’, आणि ते प्रामाणिक आहे. जिथे तळ निवडलाय तिथे गुणवत्तेचा रकाना बघा. १ म्हणजे खात्रीचा, ३ म्हणजे अंदाजपंचे. कार्यशाळेत ३ चे बिंदू वेगळ्या रंगात दाखवा, पोरांना लगेच कळेल.

अजून दोन सापळे:

चित्राच्या फाइलमध्ये पृष्ठभाग सेकंदांत असतो आणि सीएसव्हीत मीटरमध्ये, तोही विमानापासूनचं अंतर म्हणून. समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. तळाची उंची हवी तर विमानाच्या उंचीतून ‘बॉटम’ रकाना वजा करा. अनेक जण पृष्ठभागाचा रकानाच उंची समजून नकाशा काढतात आणि डोंगराच्या जागी खड्डा येतो.

दुसरं, चित्रातली मूल्यं रेषीय शक्तीची असतात. दहाच्या पायाचा लॉग घेऊन १० ने गुणल्याशिवाय आलेख काढलात तर पृष्ठभाग सोडून सगळं काळं दिसेल.

---

चौथा_फलाट

लोलक यांना +१. एक भर: १६९ हा वेग घट्ट बर्फाचा. ग्रीनलंडच्या आतल्या भागात वरचे काही दशक मीटर भुसभुशीत, हवा भरलेला बर्फ असतो. त्यात लहर जास्त वेगाने जाते, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापते. त्यामुळे सीएसव्हीतली जाडी साधारण १० मी. कमी भरते, कारण तिथे सरसकट ३.१५ धरलेला आहे. तुमची हिमनदी किनाऱ्याजवळ आहे. उन्हाळ्यात वितळून घट्ट बर्फ उघडा पडत असेल तर ही दुरुस्ती करू नका.

---

ओहोटी_वेळापत्रक

दुसरा प्रश्न. लेसरची उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते. ती डब्ल्यूजीएस-८४ या गणिती लंबगोलापासून असते. खरी समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणाप्रमाणे त्याच्या वर-खाली लाटांसारखी पसरलेली आहे. गिरगाव चौपाटीवर वाळूत उभं राहून जीपीएसची कच्ची उंची बघा, उणे साठच्याही खाली आकडा येईल. आपण पाण्याखाली नसतो. तुमच्याकडे आर्क्टिकमध्ये सपाटी लंबगोलाच्या वर आहे, एवढाच फरक.

जिऑइडचं, म्हणजे त्या खऱ्या समुद्रसपाटीचं, प्रारूप वजा करा, भरती-ओहोटीचं प्रारूप वजा करा. तरी काही दशक सेंटिमीटरचा घोळ उरतो आणि तो परवडत नाही. का, ते गणितातच दिसतं. पाण्याची घनता १०२४, बर्फाची ९१५, वरच्या हिमाची ३२० किलो प्रति घनमीटर धरली तर:

बर्फाची जाडी = ९.३९ × (पाण्यापासून हिमाच्या माथ्यापर्यंतची उंची) − ६.४६ × (हिमाची खोली)

उंची ४० सेंमी, हिम २५ सेंमी असेल तर ३.७६ − १.६१, म्हणजे २.१४ मी. आता उंचीत ५ सेंमी चूक झाली की जाडीत ४७ सेंमी चूक. हिमात ५ सेंमी चुकलं तर ३२. बर्फाचा नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो, त्याचा हा भुर्दंड.

म्हणून समुद्राची पातळी प्रारूपातून न घेता बर्फातल्या तड्यांमधून घेतात. विमानाच्या वाटेवर जिथे बर्फ दुभंगून पाणी उघडं पडलंय तिथली लेसरची उंची हाच शून्य, आणि आजूबाजूच्या काही किलोमीटरमधला बर्फ त्याच्यापासून मोजायचा. जवळच्या तड्यापासून मोजलं की जिऑइड आणि भरती दोन्हीतला उरलेला घोळ बराचसा कटतो. जिथे दूरवर तडा नाही तिथली जाडी सरळ गाळा.

हिमाची खोली वेगळ्या रडारकडून येते. ते २ ते ८ गिगाहर्ट्झमध्ये चालतं, ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यामुळे थर काही सेंटिमीटरपर्यंत वेगळे काढता येतात. तळ शोधणारं रडार १९५ मेगाहर्ट्झच्या आसपासचं. दोघांची कामं अदलाबदल करता येत नाहीत. पहिलं खोल जात नाही, दुसऱ्याला हिमाचा पातळ थर दिसत नाही.

---

खारफुटी

लोलक, ओहोटी_वेळापत्रक, दोघांचेही आभार. ६० मी.च्या चढाचा तुकडा सापडला, रेघ ०.८ नेच सरकली. 😀

तड्यांवरून शून्य धरला तर बहुतेक ठिकाणी दीड ते अडीच मी. येतंय. पण एका पट्ट्यात जाडी उणे येते. उदा. उंची १८ सेंमी, हिम ३० सेंमी, उत्तर उणे २५ सेंमी. घनता चुकली का?

---

ओहोटी_वेळापत्रक

घनतेने एवढं होणार नाही. उंची हिमाच्या खोलीच्या ०.६९ पटीहून कमी झाली की उत्तर उणे जाणारच, हे सूत्रातच आहे. म्हणजे दोघांपैकी एक माप चुकलंय. माझा पहिला संशय तड्यावर.

तडा पडला की थंडीत तासाभरात त्यावर नवा बर्फ धरायला लागतो. काही दिवसांत तिथे २०-३० सेंमीचा राखाडी, गुळगुळीत थर असतो. लेसरच्या उंचीच्या आलेखात तो पाण्यासारखाच सपाट दिसतो. तुम्ही त्याला पाणी समजलात की शून्य वर सरकला. ३० सेंमीचा नवा बर्फ पाण्याच्या वर ३.२ सेंमी असतो. त्याला ९.३९ ने गुणा, ३० सेंमी. म्हणजे ज्या थराला पाणी समजलात, बरोबर तेवढीच जाडी शेजारच्या बर्फातून गायब होते. तुमची उणे २५ तिथूनच आलेली दिसते.

उपाय: त्याच वेळचे कॅमेऱ्याचे फोटो उघडा. उघडं पाणी काळं, नवा बर्फ राखाडी. शिवाय विमानात अवरक्त तापमापक होता. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाला गोठतं, म्हणून उघडं पाणी साधारण तेवढंच दाखवतं. उणे ८ किंवा उणे १२ आलं की तो तडा बाद.

फोटोत तडा खरा निघाला तर हिमाकडे बघा. दाबाने उभ्या राहिलेल्या बर्फाच्या उंचवट्यांवर हिमाच्या रडारला एकाच वेळी अनेक प्रतिध्वनी मिळतात आणि आज्ञावली भलताच थर तळ म्हणून उचलते. अंटार्क्टिकात आणखी वेगळी भानगड. तिथे हिम इतकं जड होतं की बर्फ पाण्याखाली दाबला जातो, खारं पाणी हिमात शिरतं आणि रडार त्या ओल्या थराच्याही खाली जाऊ शकत नाही. म्हणून हे सूत्र तिथे डोळे झाकून लावू नका.

---

लोलक

या ९.३९ च्या गुणाकाराचा त्रास उपकरण बसवणाऱ्यालाही असतो. लेसरचा किरण गोल फिरतो, उभ्यापासून १५ अंश तिरका. ५०० मी. वरून ०.०१ अंशाची चूक राहिली तर कडेला उंचीत सव्वादोन सेंमी फरक, म्हणजे समुद्री बर्फाच्या जाडीत वीसेक सेंमी. पट्ट्याच्या एका कडेला ती चूक वर जाते, दुसऱ्या कडेला खाली. तडा डावीकडे आणि बर्फ उजवीकडे असेल तर दुप्पट. म्हणून उड्डाणाआधी विमानतळाचं काँक्रीट जीपीएसने बारकाईने मोजून ठेवतात आणि जाता-येता त्याच्यावरून लेसर मारत उडतात. काँक्रीट तिरकं दिसलं तर दोष काँक्रीटचा नाही.

---

चौथा_फलाट

तिसरा प्रश्न राहिला.

ग्रीनलंडच्या आतल्या भागात बर्फ खूप थंड आणि कोरडा आहे. १९५ मेगाहर्ट्झची लहर तीन किमी खाली जाऊन परत येते ती म्हणूनच. हिमालयातल्या बऱ्याच हिमनद्यांचा बर्फ वितळणबिंदूच्या जवळ असतो, आत पाण्याचे कप्पे, कालवे, वर दगडगोट्यांचा थर. १९५ मेगाहर्ट्झची बर्फातली तरंगलांबी ८७ सेंमी. पाण्याचा कप्पा त्याच मापाचा असला की लहर तिथेच विस्कटते आणि चित्रात नुसता धुरळा दिसतो. ५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३४ मी. होते. तिला छोटे कप्पे जाणवतच नाहीत, ती तळापर्यंत जाते. पण मग अँटेना पंचवीस-तीस मीटरची लागते. पंखाखाली ती मावत नाही, हेलिकॉप्टरखाली लटकवावी लागते. आणि ५००० मी. उंचीवर हवा विरळ असल्याने हेलिकॉप्टरची वजन उचलण्याची ताकदच कमी झालेली असते. वर दोन्ही बाजूंच्या कड्यांचे प्रतिध्वनी, लोलक यांनी लिहिलेलेच, इथे दसपट. म्हणून छोटा शिग्रीसारख्या हिमनद्यांवर कमी वारंवारतेचं रडार बर्फावर चालत जाऊन लावलेलं आहे.

अवांतर १: समुद्री बर्फाची जाडी मोजायचा याहून सरळ मार्गही आहे, जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचा. साडेतीन मीटरची, शंभरेक किलोची नळी हेलिकॉप्टरखाली दोरीने टांगतात आणि बर्फापासून १०-२० मी. वर ओढत नेतात, म्हणजे चार-पाच मजली चाळीच्या गच्चीएवढ्या उंचीवरून. नळीतली वेटोळी खाऱ्या पाण्यात विद्युतप्रवाह निर्माण करतात, त्यावरून पाणी किती दूर आहे ते कळतं. लेसर हिमाचा माथा किती दूर ते सांगतो. वजाबाकी केली की बर्फ अधिक हिम. ९.३९ चा गुणाकारच नाही! सपाट बर्फावर चूक १० सेंमीच्या आसपास. उंचवट्यांवर मात्र जाडी निम्म्यापर्यंत कमी भरते, कारण नळीच्या नजरेत एकाच वेळी चाळीस-पन्नास मीटरचा घेर येतो. थंडीत शून्य सरकतो, म्हणून दर १५-२० मिनिटांनी १०० मी.च्या वर चढून तपासावा लागतो.

अवांतर २: खारफुटी, तुमच्या कार्यशाळेला कच्चा लेसर देऊ नका, फाइली अवाढव्य आहेत. समुद्री बर्फाचं तयार उत्पादन घ्या. त्यात उंची, हिम आणि जाडी ४० मी.च्या टप्प्यांवर एकाच तक्त्यात आहेत. कोलोरॅडोच्या नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटरवर खातं उघडलं की फुकट. आधी पोरांना जाडी स्वतः काढू द्या, मग त्यांच्या तक्त्याशी ताडून बघा. आणि उणे ९९९९ आधी गाळा, नाहीतर सरासरी काढताना ग्रीनलंड पाताळात जाईल.

---

खारफुटी

ते सरासरीचं आधीच करून बसलो होतो. गाळतो. तड्यांचे फोटो आज रात्री उतरवायला लावतो, जो पट्टा उणे येतोय त्याचे तेवढेच.